चार कोपऱ्यांचे चार दगड

आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवण घालायला आता फारसं कोणी येत नाही. पापड विकत मिळतात, कुरडया गावाहून येतात आणि चार जिने चढायची हौस कोणाला उरलेली नाही. शशीताई ढोबळे मात्र दर उन्हाळ्यात घालतात. जुनी साडी अंथरतात, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात, आणि मग कठड्यावरून खाली डोकावून जो कोणी दिसेल त्याला हाक मारतात. "अहो, जरा वर या. काम आहे." माणूस धापा टाकत वर पोहोचला की त्याला साडी दाखवतात. "किती दगड आहेत, मोजा." तो म्हणतो, चार. "नक्की? परत मोजा." चार. "लक्षात ठेवाल ना? झालं. जा आता."

गॅसवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ताईंच्या साडीवरचे दगड मोजलेले आहेत. एका पार्सलवाल्याने वैतागून पाच सांगितले, तर ताईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि चार म्हणेपर्यंत सोडलं नाही. तेव्हापासून तो आमची पार्सलं शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे टाकून जातो आणि त्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. मी इथला सेक्रेटरी. म्हणजे सभेत ज्याला वेळेवर 'नाही' म्हणता आलं नाही तो माणूस.

कारण विचारलं तर ताई म्हणतात, "मोजलेलं बरं असतं." पुढे एक अक्षर नाही. मी तो प्रकार वयावर ढकलून मोकळा झालो होतो.

ताई सत्तरीच्या पुढच्या. उंचीने बेताच्या, पण आवाज दोन इमारतींना पुरेल. लग्न केलं नाही. उभी नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, ती अजून जिभेवरून उतरलेली नाही. बोलताना मध्येच दूध उतू गेलं तर "लाइनवर राहा" म्हणून आत जातात. कोणी मुद्दा सोडून बोलायला लागलं तर "राँग नंबर" म्हणतात आणि तोंड फिरवतात. आमच्या निम्म्या सभासदांना त्यांनी कधी ना कधी राँग नंबर ठरवलेलं आहे.

त्यांना नाद आहे आकाशातून पडलेल्या दगडांचा. उल्का पडते, तिचा जो दगड जमिनीवर सापडतो त्याला अशनी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती त्यांची भाची वाटली होती. पुढल्या खोलीच्या कपाटात लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत आणि प्रत्येकीत एक तुकडा. कुठला बोराएवढा, कुठला हरभऱ्याएवढा. असा दगड पडला की तो सरकारजमा होतो, तसा नियमच आहे. पण दगड नेल्यावर मातीत जो चुरा राहतो, तो गावातलं कोणी ना कोणी ताईंसाठी जपून ठेवतं. "दगड सरकारचा," ताई म्हणतात, "गोष्ट माझी."

आणि हीच त्यांची खरी गंमत. दगड किती जुना, त्यात लोखंड किती, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की त्या हात वर करतात. "वरून आला ते कळलं. सगळेच वरून येतात. पडला कुठे ते बोला."

पडण्याची जागा जितकी चमत्कारिक, तितका दगड त्यांच्या लेखी मोठा. एक पडला तो म्हशीपुढच्या आंबोणाच्या घमेल्यात. म्हशीने मान वर केली, हुंगलं आणि पुन्हा खायला लागली. ती गोष्ट सांगताना ताई म्हशीचं फार कौतुक करतात. दुसरा पडला तो लग्नाच्या मांडवावर. कापडाला झोळ आला, त्यात तो अलगद बसला आणि अक्षता पडेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसरा तर विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईच्या भरलेल्या कळशीत. बाईने पाणी ओतून दिलं, दगड काढून ठेवला आणि दुसरी कळशी भरली. "आरडाओरडा नाही, काही नाही," ताई म्हणतात. "शहाणी बाई."

हे सगळं त्यांना कळलं कसं? नोकरीत असताना. ट्रंक कॉल हाताने जोडायचे दिवस होते. लांबच्या गावची लाइन लागायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात पलीकडच्या ऑपरेटरला ताई विचारून घ्यायच्या, "तुमच्याकडे काय पडलं का हो?" बहुतेक जण पाऊस किती पडला ते सांगायचे. एकाने सासू जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. पण विचारत राहिलं की एखादा म्हणायचा, हो, आमच्या आत्याच्या गावात एक दगड पडलेला. मग रजा टाकून ताई एसटीत बसायच्या. पडताना पाहिलेल्या माणसाला गाठायचं, त्याच्या तोंडून सगळं ऐकायचं, नाव विचारायचं आणि जाताना त्याच्या हातावर पेढा ठेवायचा. बघणारा माणूस मिळाला नाही तर तुकडा घेत नसत.

आता डोंबिवलीची हवा. कपड्यांना वास येतो, मिठाला पाणी सुटतं, मग आभाळातल्या लोखंडाची काय कथा? ते गंजू नये म्हणून ताई प्रत्येक बाटलीत मूठभर तांदूळ भरतात आणि दर महिन्याला बदलतात. जुने तांदूळ टाकणं त्यांच्या रक्तात नाही. त्यामुळे ताईंकडे कोणी जेवायला थांबत नाही. मी एकदा थांबलो होतो. खिचडी उत्तम होती, पण प्रत्येक घासाला हा मुगाचा दाणा की मंगळाचा, असा विचार येत होता.

घोडबंदर रोडचे एक गृहस्थ हाच छंद जोपासतात असं कळलं, म्हणून ताई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. माजिवड्याला गाडी अडकली ती अडकलीच. तेवढ्या वेळात त्यांनी टॅक्सीवाल्याला म्हशीची गोष्ट सांगितली, आणि वाहतूक हलली नाही म्हणून कळशीचीही. गृहस्थ तिसाव्या मजल्यावर राहतात. काचेच्या पेटीत, खाली दिवा सोडून, नारळाएवढा लोखंडी दगड. कुठल्याशा वाळवंटातून आणलेला. तो साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा आहे, असं ते म्हणाले.

"पडला कुठे?" ताईंनी विचारलं.

"वाळवंटात."

"कशावर?"

"वाळूवर."

"बघितला कोणी?"

"हजारो वर्षांपूर्वी पडलाय हो. कोण बघणार?"

ताईंनी पर्स उचलली. "छान आहे. जपा." लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "गरीब बिचारा. एवढ्या लांबून आला आणि बघायला कोणी नव्हतं." त्यांना वाईट वाटलं होतं ते दगडाबद्दल. यजमानांनी चहा टाकला होता तोही आम्ही घेतला नाही.

तर अशा या ताई आणि आमची गच्ची. आमची इमारत जुनी, वरचा स्लॅब गळतो. डोंबिवलीत याला एकच औषध, गच्चीवर पत्र्याची शेड. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींनी निळे पत्रे चढवलेत. कुठल्याही सोसायटीत शेडसाठी वरच्या मजल्याची माणसं भांडतात आणि खालची पैसे द्यायला कुरकुरतात. आमच्याकडे वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक ढवळे आणि एक ताई. ढवळ्यांना शेड हवी. ताईंना नको. त्यांच्या घरात निजायच्या खोलीत दोन बालद्या आणि एक पातेलं कायमचं मांडलेलं असतं, तरीही नको.

यंदाच्या सभेत हा विषय आला. सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. ढवळे तयारीनिशी आलेले. त्यांनी मोबाइलवर आपल्या भिंतीची ओल सगळ्यांना दाखवली.

"गच्चीवर पत्रा नको," ताई म्हणाल्या.

"पण का नको, ते तरी सांगा."

"पत्र्यावर काही पडलं तर आवाज होईल. दिसणार कोणाला?"

"काय पडणारे, ताई?" ढवळ्यांनी हात जोडले. "पंधरा वर्षं बघतोय मी. आपल्या गच्चीवर आजपर्यंत कावळ्याने टाकलेली मटणाची नळी पडली, दुसरं काही नाही."

"ती मी तपासली होती," ताई म्हणाल्या. हे खरं होतं. त्या गच्चीवर सापडेल त्याला दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक लावून बघतात. हाडालाही लावलं होतं.

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. "गळतं ते माझ्या अंथरुणावर गळतं. मी तक्रार केली कधी? ढवळे, तुमच्या बाजूला काय हवं ते घाला. माझ्या डोक्यावरचं आभाळ मी झाकू देणार नाही. घालायचेच असतील पत्रे तर आधी माझ्यावर घाला."

मत घेतलं. ताईंचं एक विरुद्ध, बाकी सगळे बाजूने. माझाही हात वर होता. निजायच्या खोलीत पातेलं मांडून झोपणाऱ्या बाईचं आपण भलंच करतोय, असंच मला तेव्हा वाटत होतं.

कॉन्ट्रॅक्टर यायचा त्या सकाळी ताईंनी कुरडया घातल्या. नुसत्या घातल्या नाहीत, गच्चीच्या आपल्या बाजूला बरोबर मधोमध साडी पसरली, कडेला खुर्ची टाकली, छत्री उघडली आणि बसल्या. सोबतीला त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका. हे टिटवाळ्याला मुलाकडे असतात आणि दर उन्हाळ्यात वाळवणाची राखण करायला चार दिवस बहिणीकडे येतात. हातात काठी, डोक्याला पंचा. कावळा आला की काठी आपटायची, एवढंच काम. बापूकाका बोलत नाहीत. मुके नाहीत, पण बोलत नाहीत. मी त्यांचं तोंड फक्त चहा पिताना उघडलेलं पाहिलं होतं.

समजूत घालायला मी वर गेलो. ताई म्हणाल्या, "आधी दगड मोजा." मी मोजले. चार. "लक्षात ठेवा. लाइनवर राहा, ताक आणते," म्हणून त्या खाली गेल्या.

मी बापूकाकांच्या शेजारी टेकलो. "काका, तुम्ही तरी सांगा हो त्यांना. या वयात असं गळणाऱ्या घरात राहायचं?"

त्यांनी डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी केव्हाचं सांगतोय. घालू दे पत्रे. ती माझ्यासाठी करते हे सगळं."

मला काही कळलं नाही. त्यांनीच मग सांगितलं, काठीच्या टोकाकडे बघत. नगरकडची एक वाडी. अंगणात बाजेवर साडी, साडीवर आईने घातलेल्या कुरडया. कोपऱ्यांवर दगड ठेवायचं काम शशीचं, कावळे हाकायचं बापूचं. शशी नऊ वर्षांची, बापू सहाचा. दुपारी एकदम सूं आवाज झाला आणि साडीच्या मध्यावर एक काळा दगड येऊन पडला. कुरडयांचा चुरा झाला, बाकी काही नाही. पोरगं दगड हातात घेऊन धावत घरात गेलं. वरनं पडला, वरनं पडला.

"वडील म्हणाले, साडीवरचाच दगड उचलून कावळ्याला मारलास आणि कुरडया मोडल्यास. मी म्हटलं नाही. कोपऱ्यावर चारी तसेच होते. मग वडलांनी शशीला बोलावलं. तू किती दगड ठेवले होतेस? तेवढ्यावर होतं सगळं. चार म्हणाली असती तर माझा वरून आलेला. पाच म्हणाली असती तर मी खोटा."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मोजले नव्हते."

बापूकाकांनी काठी आपटली. कावळा नव्हता.

"मार बसला तो काय, विसरलो. वडलांनी दगड ओढ्यात भिरकावला. पण गाव लय हसलं. म्हणायचे, आभाळातनं दगड पडला तर घर फोडील, कुरडई फोडून गप बसंल का? पुढं मी काही सांगायला लागलो की विचारायचे, बापू, हे पण वरनं पडलं का? शाळेत तेच, पारावर तेच. लग्नात सासऱ्याला पण कोणीतरी सांगितलं. मग मी सांगायचंच सोडलं."

म्हशीचं घमेलं, लग्नाचा मांडव, बाईची कळशी. इतकी वर्षं मी ज्या गोष्टींवर हसत आलो, त्यातल्या एकाही दगडाने कधी काही मोडलं नव्हतं. सगळे अलगद पडलेले. रजा टाकून, एसटीचे धक्के खाऊन, ही बाई गावोगाव भावाच्या बाजूचे साक्षीदार गोळा करत हिंडली होती.

"पण खरं सांगू का, साहेब," बापूकाका म्हणाले, "आता माझं मलाच वाटत नाही. एवढी माणसं म्हणतात तर मीच मारला असंल कावळ्याला. पाच असतील दगड. सहा वर्षांचं पोरगं, त्याचं काय धरायचं?"

"चारच होते."

जिन्याच्या दारात ताई उभ्या होत्या, हातात ताकाचा तांब्या. आवाज नेहमीचा नव्हता. अर्ध्या इमारतीलाही पुरला नसता.

"शशे, तू मोजले नव्हतेस," बापूकाका म्हणाले. रागाने नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं.

"नव्हते मोजले. पण साडीला कोपरे चार असतात, बापू. मी पाचवा ठेवू कुठे? मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून काय तू खोटा? सगळी वाडी म्हणू दे, तू स्वतः म्हण, मी नाही म्हणणार. आणि एक ना एक दिवस इथे पडेल, असाच, कुरडयांत पडेल, आणि तेव्हा मोजलेले असतील. माझ्या आधी ह्या सेक्रेटरींनी मोजलेले असतील."

एवढ्यात कॉन्ट्रॅक्टर वर आला. मागे दोन कामगार लोखंडी पाइप घेऊन आणि त्यांच्या मागे ढवळे. ढवळ्यांनी साडी बघितली, खुर्ची बघितली आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, सुरुवात कुठनं करायची?" कॉन्ट्रॅक्टरने मला विचारलं.

ठराव झालेला होता. माझा स्वतःचा हात त्यात वर होता. "ढवळ्यांच्या बाजूने," मी म्हटलं. "आणि त्या टाकीपर्यंतच. ताईंच्या बाजूला पत्रा नाही."

"अहो पण सभेने पूर्ण गच्ची..." ढवळे सुरू झाले.

"सभेला मी बघून घेईन. पुढच्या सभेत मला काढा. कोणी दुसरा तयार असेल तर मी पेढे वाटतो." दुसरा कोणी तयार नव्हता हे ढवळ्यांनाही माहीत होतं.

"आणि इथनं पाणी शिरणार त्याचं काय?" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "अर्धी शेड म्हणजे गळणारच, मॅडम. आताच सांगून ठेवतो."

"गळू दे," ताई म्हणाल्या. "बालद्या आहेत माझ्याकडे."

कामगार पाइप उचलून पलीकडे गेले. ढवळेही निघाले, तर ताईंनी त्यांना हाक मारली. "ढवळे, आलाच आहात तर किती दगड आहेत ते मोजा."

ढवळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो भला माणूस चप्पल काढून साडीच्या कडेने फिरला, एकेका कोपऱ्याकडे बोट दाखवत. "चार," ते म्हणाले.

"नक्की?"

"चार, ताई. नक्की चार."

"लक्षात ठेवा. झालं. जा आता."

ढवळे चप्पल घालायला वाकले होते. बापूकाकांनी काठी खाली ठेवली, घसा खाकरला आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच एका परक्या माणसाला आपणहून काहीतरी सांगितलं.

"साहेब, साडीच्या मधे काही नाही," ते म्हणाले. "तेवढं पण बघून जा."